किटलीच्या छापाचा बिल्ला

मराठवाड्यात दुष्काळ पडलेला असताना हौसेने तिकडे फिरायला जाणारी माणसं दोनच प्रकारची. एक सरकारी पाहणी पथकातली आणि दुसरी आमच्या ह्यांच्यासारखी. पाहणी पथकाला निदान भत्ता मिळतो. आम्ही चिपळूणहून पदरचे पैसे घालून गेलो आणि सोबत मी दोन कळशा पाणी न्यावं की काय, असा विचार करत होते.

ह्यांना जुनी नाणी जमवायचा नाद आहे. त्यातही राजेरजवाड्यांची नाणी त्यांना फारशी आवडत नाहीत. जुन्या काळी दुकानदार, तेली, जिनिंगवाले स्वतःच्या नावाचे पितळी बिल्ले पाडून घेत आणि सुट्ट्या पैशांऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत, त्या बिल्ल्यांवर ह्यांचा जीव. आमच्या कपाटात माझ्या साड्यांना एक कप्पा आहे आणि बिल्ल्यांना तीन. तेव्हा लातूर नुकतंच उस्मानाबादेपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. ह्यांचे मित्र वसंतराव त्या गडबडीत बदली होऊन औशाला गेले होते. त्यांचं पत्र आलं. इकडे चिल्लरीची एवढी टंचाई आहे की लोकांनी आजोबा-पणजोबांच्या वेळचे बिल्ले मडक्यांतून बाहेर काढले आहेत आणि दुकानदार नवेही पाडून घेताहेत, असं त्यात लिहिलं होतं. "वापरात आहेत! अजून वापरात!" असं म्हणत हे घरभर फिरले. दोन दिवसांनी आम्ही गाडीत होतो.

नांदेड

नांदेडच्या स्टँडसमोर चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, वर चहा घेतला. सुशीला फार चांगला होता, हिरवी मिरची मात्र हातचं न राखता घातलेली. पैसे दिल्यावर हॉटेलवाल्याने सुट्ट्यांऐवजी एक पितळी चकती माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर घोड्याचं चित्र होतं, आणि घोड्याचे पाय बहुतेक झिजून गेले होते.

आमच्या चिपळुणात सुट्टे नसले की दुकानदार लिमलेटची गोळी देतो. एकदा मी घरात साठलेल्या गोळ्या परत नेऊन त्यांच्या बदल्यात सुईदोरा मागितला होता. तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, गोळी खायची असते." इथे काय होतं ते पाहावं म्हणून मी बाहेरच्या केळीवाल्याला घोडा दिला. त्याने बघितलंही नाही, गल्ल्यात टाकला आणि मला दोन केळी दिली.

मी केळं सोलेपर्यंत ह्यांच्या लक्षात आलं. एवढ्या लांबून ज्यासाठी आलो, तो पहिलाच बिल्ला मी केळ्यांवर उडवला होता. हे केळीवाल्याकडे धावले आणि घोड्याचे दुप्पट पैसे देऊ लागले. केळीवाल्याने आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, सायबाला ऊन लागलं का?"

"नाही हो, ते असेच आहेत," मी सांगितलं.

कंधार

कंधारला आम्ही किल्ला बघायला गेलो असं वसंतरावांना कळवलं होतं. किल्ला मी बघितला. खंदक केवढा तरी रुंद, आणि त्यात पाण्याऐवजी शेळ्या. दगड मात्र असे बसवलेले की मधून काडी जायची नाही. आमच्या कोकणातल्या किल्ल्यांना समुद्र राखतो, इथे माणसांनी खणून स्वतःचा समुद्र केला होता आणि तोही त्या वर्षी आटलेला. मला एकदम उदास वाटलं.

हे मात्र बाजारात होते. एका तेल्याचा घाण्याच्या छापाचा जुना बिल्ला त्यांनी दुप्पट किमतीला घेतला आणि ती बातमी माझ्याआधी बाजारभर फिरून आली. मी बाजारात पोचले तेव्हा ह्यांच्याभोवती रांग होती. कुणी बटणं आणली होती, कुणी कुलपाचं झाकण. एकाने तर कुत्र्याच्या गळ्यातला नगरपालिकेचा बिल्ला आणला होता. कुत्राही सोबत होता आणि त्याला हा व्यवहार पसंत नव्हता. एक म्हातारा फार गंभीरपणे सांगत होता, "सायेब, ह्यो निजामाच्या येळचा हाय. माझ्या आज्यानं पुरून ठिवला व्हता."

ते सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच होतं, ठोकून सपाट केलेलं. ह्यांनी ते घेतलं. म्हाताऱ्याची गोष्ट चांगली होती म्हणून घेतलं, असं नंतर मला सांगितलं.

त्या दिवशी ह्यांनी खिशातले होते नव्हते तेवढे सुट्टे पैसे कंधारच्या पितळात घातले. पुढच्या गाडीत कंडक्टरला तिकिटाच्या वरचे आठ आणे हवे होते. ह्यांनी ऐटीत घाण्याचा बिल्ला काढला. कंडक्टरने तो उलटासुलटा केला आणि परत दिला.

"ह्ये कंधारचं हाय. वेशीच्या भायेर ह्ये नुसतं पितळ."

हौसेला मोल नसतं म्हणतात, ते मला त्या गाडीत पटलं. पिशवीभर पैसे आणि आठ आणे नाहीत. शेवटी शेजारच्या एका बाईने ते दिले आणि बदल्यात माझ्याकडून कोकम कसं वापरायचं ते लातूर येईपर्यंत ऐकून घेतलं.

लातूर

लातुरात आम्ही गाडी बदलण्यापुरते थांबलो, पण तेवढ्यात गाव नवं जिल्ह्याचं ठिकाण झाल्याचं चौघांनी सांगितलं. पाट्यांचा रंग ओला होता. एका कचेरीच्या दारावर नवी पाटी आणि खिडकीवर जुनी, त्यामुळे आत जाणाऱ्याने कुणाला भेटायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. रिक्षावाल्याने भाडं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, एवढं कसं? तो म्हणाला, "बाई, आता जिल्हा झालाय की." पुढे केळीवाल्यानेही तेच कारण दिलं. नळाला पाणी का नाही म्हणून विचारलं असतं तर बहुतेक तेच उत्तर मिळालं असतं.

औसा

वसंतराव आणि सुमनवहिनींनी आमचं मनापासून स्वागत केलं. अंघोळीचं पाणी म्हणून वहिनींनी मला एक तांब्या आणि एक बादली दिली, आणि बादली अर्धी होती. बाजेवर बसून अंघोळ करायची, बाजेखाली घमेलं. घमेल्यातलं पाणी मग भांड्यांना, आणि भांड्यांचं पाणी दारातल्या लिंबाच्या रोपाला. चिपळुणात मी नुसते पाय धुवायला याहून जास्त पाणी घेते. मला लाज वाटली, पण वहिनी हसून म्हणाल्या, "सवय होती ओ. एवढ्यात मी डोकंबी धुते." त्यांनी ज्वारीचे धपाटे आणि दही पुढे केलं आणि तो विषय संपला.

स्टँडसमोर एका बाईची चहाची टपरी होती. नाव कांताबाई. बाकीची हॉटेलं पाण्यावाचून बंद पडली होती, पण कांताबाईच्या सासऱ्याच्या शेतातल्या विहिरीला अजून पाझर होता. तिचा नवरा रोज सकाळी सायकलला दोन घागरी बांधून पाणी आणायचा आणि मग रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचा. चहा कडक. पहिल्याच दिवशी चहाचे आठ आणे झाले, मी रुपया दिला, आणि तिने एक कोराकरकरीत बिल्ला दिला. त्याच्यावर किटली होती. किटलीच्या तोटीतून वाफसुद्धा निघत होती, इतका नाजूक छाप. ह्यांनी तो पाहिला आणि दहाची नोट काढून म्हणाले, "सगळ्याचे हेच द्या."

कांताबाईने नोट घेतली नाही. "सायेब, चेष्टा करायलाव का?"

चेष्टा नाही हे पटवायला मला ह्यांचा सगळा इतिहास सांगावा लागला. मग ती हसली आणि तिने तिचा सांगितला.

औशाच्या बाजारात आठ आण्यांच्या जागी चालायचा तो नंदीच्या छापाचा बिल्ला. तो आप्पांचा. आप्पा म्हणजे पेठेतले किराणा दुकानदार, लिंगायत वाणी, कपाळाला ठसठशीत भस्म, आणि पुडा बांधलेला दोरासुद्धा दुसऱ्या दिवशी परत मागून घेणारे. सुट्टे हवे असणाऱ्या दुकानदाराला पाचाच्या नोटेला नंदी मिळायला हवेत दहा, आप्पा द्यायचे नऊ. शिवाय बाजारात एक रीत होती, आणि ती आप्पांनीच घालून दिलेली. ज्याने बिल्ला पाडला त्याने त्यावर माल द्यायचा, रोकड द्यायची नाही. नंदी घेऊन गेलं की शेंगदाणे मिळतील, पैसे मिळणार नाहीत.

"पाचाला नऊ. दहावा आप्पाच्या पोटात," कांताबाई म्हणाली. "म्हून म्या माझाच पाडून आणला, नांदेडच्या तांबटाकडून. कानातली फुलं मोडली त्याच्यापायी."

"मग चालतो का?"

"कुठला चालतोय! जिथं न्यावं तिथं इचारतात, ह्यो कुणाचा? नाव सांगितलं की आडनाव इचारतात. आडनाव सांगितलं की मनतात, र्‍हाऊ द्या." तिने चुलीत काडी सारली. "आन् प्याशिंजरला बिल्ला नको आसला की त्यो चहाबी नको मनतो. आसं आणखी महिनाभर चाललं तर टपरी मोडायची आन् मीबी खडी फोडायला जायचं."

टपरीच्या मागे भिंतीला बाबासाहेबांचा फोटो होता, त्याला ताजा हार. हार त्या दिवसांत महाग होता.

मी तिथून उठले ती थेट आप्पांच्या दुकानात. सुपारी घेतली आणि किटली पुढे ठेवली. आप्पांनी ती बोटाने उचललीसुद्धा नाही. साखरेच्या मापाच्या कडेने ढकलत माझ्याकडे परत आणली.

"ह्यो आमच्याकडं चालत न्हाई."

"का? पितळ तेच आहे."

"पितळ समद्याचं सारखंच आसतंय, बाई. छाप बगावा लागतो."

"छापही चांगला आहे. नंदीपेक्षा किटली रोजच्या कामाची."

दुकानातल्या दोघा गिऱ्हाइकांनी तोंडाला रुमाल लावले. आप्पांनी शांतपणे सुपारी परत डब्यात ओतली. मला मनस्वी राग आला होता, आणि राग आला की मला स्वस्थ बसवत नाही. हे माझं माहेरचं वळण आहे असं ह्यांचं म्हणणं.

सोमवारी संध्याकाळी वहिनी मला महादेवाच्या देवळात घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी सहज सांगितलं की आरतीच्या ताटात जी चिल्लर पडते ती देवळाचा हिशेब बघणारे आप्पा स्वतः नेतात आणि तितक्या रुपयांच्या नोटा देवाच्या पेटीत टाकतात. देवाला नोटा सांभाळायला सोप्या आणि आप्पांना बाजारासाठी सुट्टे. ताटात नंदीचे बिल्लेही पडत, तेही ते तसेच भरून देत.

"आणि दुसऱ्या कुणाचा बिल्ला पडला तर?" मी विचारलं.

"तर काय? देवाला आलेलं न्हाई म्हनता येत न्हाई," वहिनी म्हणाल्या. मग त्या चालता चालता थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. "का ओ?"

मी तिथूनच घरी परत वळले. हे पडवीत घोरत होते. उशाशी किटल्यांची थैली. ह्या चार दिवसांत त्यांनी कांताबाईकडून बरेच बिल्ले जमवले होते, चहा पिऊन आणि न पिताही. दोन मुठी मी काढून घेतल्या आणि आरती सुरू व्हायच्या आत देवळात पोचले. बायका ताटात टाकायला सुट्टे नाहीत म्हणून हळहळत होत्याच. मी एकेकीच्या हातावर किटली ठेवत गेले. "माझ्याकडून टाका. कोकणातून आलेय, तेवढंच पुण्य." कुणी नाही म्हटलं नाही. वहिनींनी तीन टाकले आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर आम्ही दोघी हसलो असतो.

आरती संपली. आप्पांनी ताट पुढ्यात घेतलं, चष्मा लावला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. ताटभर किटल्या वाफा सोडत होत्या.

"ह्ये कुणाचं?" त्यांनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गाभाऱ्यातली समई तडतडली. मग वहिनी म्हणाल्या, "देवाचं, आप्पा."

आप्पांनी एकदा पिंडीकडे पाहिलं. मग कोपरीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि पेटीत टाकल्या. किटल्या उपरण्यात बांधून ते पायऱ्या उतरून गेले. त्यांची पाठ बघून मला जरासुद्धा दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला परतायचं होतं. सकाळीच मी कांताबाईला आनंदाची बातमी द्यायला टपरीवर गेले. मी रंगवून रंगवून सांगत होते. ती ऐकत होती. माझं सांगून झालं तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"कुणी सांगितलं व्हतं तुमाला?"

मी कप खाली ठेवला.

"त्या पायरीवर आमच्या माणसाला चढू देत नव्हते. माझ्या बापानं मनलं, तुमची पायरीच नको. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. तवापासून आमच्या घरातलं कुणी देवळाच्या दिशेला नारळ फोडला न्हाई. आन् तुमी माझी किटली नेऊन त्याच्या ताटात वतली?"

माझ्याकडून चूक कबूल करवून घेणं ह्यांना इतक्या वर्षांत जमलेलं नाही. खोडी काढताना मला फक्त आप्पा दिसत होते, ही बाई दिसलीच नव्हती, आणि ते मला फार लागलं. "चुकलं माझं," मी म्हटलं. दूध वर येत होतं, तिने ते उतरवलं. मग पाठमोरीच विचारलं, "किती टाकले?"

"दोन मुठी."

"आन् समदे आप्पाकडं हायत?"

"सगळे."

ती वळली. राग गेलेला नव्हता, पण डोळ्यांत काहीतरी हलत होतं. "टाकले ते टाकले," ती म्हणाली. "पुना न्हाई टाकायचे. आता त्या वाण्याला रातभर झोप लागली नसंल बगा."

तिचं म्हणणं अगदी खरं निघालं. आमची गाडी लागलेली, हे सामान चढवत होते, आणि समोरून आप्पा आले. उपरण्याची गाठ तशीच. त्यांनी ती टपरीच्या फळीवर ठेवली. स्टँडवरची माणसं वळून बघू लागली.

"ह्ये घे तुजे," आप्पा म्हणाले. "आन् माजे पैसे टाक."

ह्यांना आपले हरवलेले बिल्ले दिसले. त्यांचा हात खिशाकडे गेला. दुप्पट किंमत देऊन हे आता आप्पांची सुटका करणार, हे मला कळलं, आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला, टाच रोवून. ते "अगं" म्हणाले आणि थांबले.

कांताबाई फडक्याने हात पुसत होती. "आप्पा, कुणी नंदी आणून दिला तर तुमी पैसे देता का?"

"माल देतो."

"मग मीबी मालच देते की. ह्याच्यावर किटली छापली हाय." तिने बाकड्यावरची धूळ झटकली. "न्हाईतर चिल्लर मनून दुकानात चालवा. न्हाईतर बसा."

आप्पा उभेच होते. दुकानात किटली चालू केली तर पाचाला नऊचा धंदा संपला. किटल्या इथेच टाकून निघून गेलं तर देवाला दिलेल्या नोटा पाण्यात. आणि बसलं तर सगळा स्टँड बघतोय. ड्रायव्हर चावी हातात घेऊन बघत होता, गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकली होती. कांताबाई मात्र कोरडे झालेले हात पुन्हा पुन्हा पुसत होती, ते मला जवळून दिसलं. आता हा माणूस पाठ फिरवून गेला असता, तर औशात तिची किटली पुन्हा कुणी घेतली नसती.

आप्पांनी उपरण्याची गाठ सोडली. एक किटली काढून फळीवर ठेवली, बाकीच्या पुन्हा बांधल्या. आणि बसले.

तिने सगळ्यांना देते त्याच कपात चहा दिला. आप्पांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, डोळे मिटून एक भुरका मारला. मग दुसरा. शेजारच्या पानवाल्याकडे एक प्रवासी मघापासून किटली पुढे करून उभा होता. पानवाल्याने आप्पांकडे पाहिलं, आप्पांच्या बशीकडे पाहिलं, आणि किटली उचलून गल्ल्यात टाकली.

"दुसरा देऊ का?" कांताबाईने विचारलं. "अजून लई हायत तुमच्याकडं. एकदम नका पिऊ पर, पित्त व्हतं. रोज एक घ्या."

आप्पांनी मिशा पुसल्या आणि उठले. ड्रायव्हरने हॉर्न दिला, हे मला ओढत होते, मी पायरीवर एक पाय ठेवून तशीच थांबले. आप्पा चार पावलं गेले आणि मागे न बघता म्हणाले,

"उद्या जरा अद्रक टाक. लई पानचट करायलीस."